पांझरेच्या उताराने

भूगोल घेऊन बी.ए. करणाऱ्या मुलांना शेवटच्या वर्षी एका गावाचं सर्वेक्षण करावं लागतं. प्रश्नावली ठरलेली असते: घरात माणसं किती, जमीन किती, त्यात कोरडवाहू किती नि बागायत किती, पाणी कशाचं. हे अहवाल मी इतकी वर्षं तपासते आहे की कुठला अहवाल लोकांच्या ओट्यावर बसून लिहिला आणि कुठला घरी खाटेवर पडून, हे दुसऱ्या पानावर कळतं. खाटेवरच्या अहवालात प्रत्येक घरात पाच माणसं असतात आणि प्रत्येक विहिरीला ‘मध्यम’ पाणी असतं. पोरांना बोलण्यात अर्थ नव्हता. सकाळच्या एसटीने जाऊन दुपारच्या एसटीने परतणाऱ्याला गाव ओट्यापर्यंतच येऊ देतं. शेवटी आमच्या विभागात ठरलं, की गाव घ्यायचं नाही, नदी घ्यायची. आणि तिच्या काठाने पायी जायचं.

नदी कोणती, यावर फार चर्चा झाली नाही. आमचं कॉलेज अमळनेर तालुक्यात. गावातून बोरी वाहते, पण वर्गातली निम्मी पोरं पांझराकाठची: मांडळ, मुडी, कळंबू, भिलाली, तांदळी. त्यांच्या तोंडी नदीचं नाव यायचं ते एकाच वाक्यात, ‘पाणी सुटलं का?’ पांझरेचा प्रवासही शिकवायला सोयीचा आहे. साक्री तालुक्यात पिंपळनेरच्या वरच्या डोंगरांत ती उगवते, पूर्वेकडे धुळ्यापर्यंत येते, शहर मागे टाकल्यावर उत्तरेकडे वळते आणि शिंदखेडा तालुक्यातलं मुडावद नि अमळनेर तालुक्यातलं नीम यांच्यामध्ये तापीला मिळते. मिळाल्यावर तेच पाणी पुन्हा पश्चिमेला, सुरतेच्या समुद्राकडे निघतं. म्हणजे आधी समुद्राकडे पाठ फिरवून चालायचं आणि मग वळसा घालून त्याच्याकडेच जायचं. फळ्यावर हे काढून दाखवलं तर पोरं वहीत उतरवून घेतात. चालताना मात्र सकाळी डोळ्यांवर येणारं ऊन पुढे उजव्या गालावर येऊ लागलं, की कुणीतरी आपणहून म्हणतं, “मॅडम, नदी वळली.”

सगळी नदी एका हिवाळ्यात होत नाही. एका वर्षी वरचा तुकडा, दुसऱ्या वर्षी खालचा, मधला भाग कधी बसने. पण वरून खाली, हा नियम आम्ही मोडलेला नाही.

हिवाळाच का, हे खानदेशातल्या माणसाला सांगावं लागत नाही. पावसाळ्यात काळी माती बूट काढून घेते, उन्हाळ्यात पारा पंचेचाळिसाला टेकतो. डिसेंबरात सत्र परीक्षा उरकलेल्या असतात, शेतात कापसाची शेवटची वेचणी चालू असते, हरभरा घाटे धरत असतो, गहू गुडघ्याला येतो. थंडी मात्र पक्की. धुळ्याचा पारा काही वर्षी पाच-सहा अंशांवर उतरतो आणि नदीकाठी तो त्याहून खाली असावा, असं पहाटे वाटतं. पहिल्या वर्षी कॉलेजच्या ब्लेझरवर आलेली पोरं दुसऱ्या रात्री गावातून गोधड्या मागून आणत होती. आता यादीत पहिलं नाव घोंगडीचं असतं.

खरी मेहनत चालण्याआधीची. प्राचार्यांची परवानगी, पालकांची संमतीपत्रं, वाटेवरच्या सरपंचांना फोन, पोलीस पाटलांना कळवणं. मुलांचे वडील सही करून मोकळे होतात. मुलींच्या घरून आधी आई बोलते, मग मामा, मग जो कोण शहरात नोकरीला असेल तो. प्रश्न सगळ्यांचा एकच: रात्री कुठे झोपणार? जिल्हा परिषदेच्या शाळेत, दोन शिक्षिकांसोबत, हे सांगितलं की बहुतेकजण तयार होतात. त्यांना न सांगितलेली गोष्ट अशी, की त्या शाळेच्या स्वच्छतागृहाला कुलूप असतं आणि किल्ली ज्याच्याकडे असते तो लग्नाला गेलेला असतो. आता मी फोनवर सरपंचांना पहिला प्रश्न किल्लीचाच विचारते. एकदा एका सरपंचताईंनी सांगितलं, “किल्ली माझ्या कमरेला आहे, तुम्ही या.” त्या गावचा अहवाल पोरींनी इतरांपेक्षा दुप्पट लांबीचा लिहिला. त्याचं कारण मला त्या किल्लीतच दिसतं.

साक्री तालुक्यातल्या दातर्तीला मी पोरांना थांबवते. तिथे पाहायला म्हणून फारसं काही नाही, पण सांगायला आहे. १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात नुकताच नोकरीला लागलेला एक म्हैसूरकडचा तरुण इंजिनिअर खानदेशात आला आणि त्याच्यावर पहिलं मोठं काम पडलं ते इथलं: पांझरेच्या पात्रातून नळाचा सायफन टाकून कालव्याचं पाणी पलीकडे न्यायचं. पावसाळा होता, पात्रात वाळू आणि पूर. काम पावसाळ्यानंतर करू, असं त्याने वरच्या साहेबाला कळवलं, तर साहेबाने त्यात शिस्तभंग पाहिला. मग त्याने हट्टाला पेटून काम पुरं करून दाखवलं. त्याचं नाव मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. म्हातारपणी, १९५१ साली छापलेल्या आठवणींतही तो ही नदी विसरलेला नाही. पोरांना विश्वेश्वरय्या म्हणजे म्हैसूरचं कृष्णराजसागर आणि इंजिनिअर्स डे एवढंच माहीत असतं. आपल्या नदीत त्यांचे पाय भिजलेले होते हे कळल्यावर ती पाण्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघतात. कुणी बूट काढून आतही उतरतं. डिसेंबरचं पाणी असं लागतं की ताबडतोब परत येतं.

पण या वरच्या तुकड्यात ज्यासाठी जायचं ती गोष्ट फड. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर ही पद्धत तीन-चारशे वर्षं जुनी मानतात. नदीत आडवा दगडी बंधारा, त्याच्या एका टोकाकडून काढलेला पाट, पाटातून चाऱ्या, चाऱ्यांतून शेतापर्यंत सारंग, आणि जास्तीचं पाणी परत नदीत सोडायला सांडवा. बंधाऱ्याखाली भिजणारी सगळी जमीन म्हणजे थळ. थळाचे बहुधा चार फड. एका फडात एकच पीक. एकात ऊस, दोन फडांत हंगामी पिकं, एक पडीक. पुढच्या वर्षी फेरा पुढे सरकतो. पुस्तकात हे अर्ध्या पानात संपतं आणि परीक्षेला पाच गुणांना येतं.

काठावर गेल्यावर ते संपत नाही. एका गावी आम्हाला जुने पाटकरी भेटले. आता वय झालंय, काम सोडून बरीच वर्षं झाली. गावात सगळे त्यांना आबा म्हणतात. ते आम्हाला पाटाच्या कडेकडेने घेऊन गेले आणि चालताना काठीने एकेक जागा दाखवत होते. एका पोराने प्रश्नावली काढून विचारलं, “आबा, आधी पाणी कोणाच्या शेतात जायचं?” आबा थांबले. “बारी पाटकरीनी,” ते म्हणाले, “मालकनी नही.” मग समजावून सांगितलं. पाणी फिरवायचं ते पाटकऱ्याने. शेताच्या मालकाने फावड्याला हात लावायचा नाही, रात्री येऊन बांध फोडायचा नाही. त्याने घरी झोपावं. शेत भिजवून पाटकरी पुढे गेलेला असेल. पाटकऱ्यावर हवालदार, पिकाच्या राखणीला जागल्या आणि सगळ्यांच्या वर गावचे पंच. पगार धान्यात. पावसाळा संपला की पाट साफ करायला प्रत्येकाने आपल्या जमिनीच्या मानाने माणसं द्यायची. ज्याची नाहीत त्याने पैसे.

पोरांनी तिथेच बांधावर बसून फडांचा नकाशा काढला. त्यात त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली आणि ती मला कुठल्या पुस्तकाने इतकी नीट सांगितली नव्हती. शेतांच्या पट्ट्या अरुंद आणि पाटापासून खालपर्यंत लांब होत्या, म्हणजे प्रत्येकाचं डोकं पाटाला लागलेलं. आणि बहुतेकांची जमीन एकाच फडात नव्हती, चारही फडांत थोडी थोडी होती. पडीक फडाचा तोटा एकट्यावर पडत नव्हता, तसा उसाचा फायदाही एकट्याला मिळत नव्हता. पाणी कमी असलं तर पंच ठरवायचे, यंदा अमुक फड भिजवायचा नाही. त्यात पंचांचीही पट्टी असायची. “म्हणून कोणी भांडत नसेल,” एक मुलगी म्हणाली. आबांना हसू आलं. भांडायचे की! पण भांडण पंचांपुढे व्हायचं, पाटावर नाही.

त्याच मुलीने पुढे विचारलं, “ज्यांच्याकडे जमीनच नाही, त्यांचं काय?” आबा जरा वेळ बोलले नाहीत. जागल्याचं काम त्या घरांकडे होतं, एवढंच म्हणाले. पंचांत कधी बाई होती का, हे तिने विचारलं नाही. उत्तर तिला कळलं होतं. फडावर कौतुकाने लिहिलेलं बरंच मी वाचलं आहे, स्वतः वर्गात तसं शिकवलंही आहे, आणि फड कौतुकाचाच आहे. पण तो जमीनवाल्यांमधला न्याय होता, हे त्या कौतुकात सहसा येत नाही. मी त्या मुलीच्या अहवालात त्या दोन प्रश्नांना स्वतंत्र गुण दिले. नियमात बसत नव्हतं, दिले.

आज यातलं बरंचसं मोडकळीला आलं आहे. वर लाटीपाडा, कान नदीवर मालनगाव, खाली अक्कलपाडा अशी धरणं झाली. नदीचा हिवाळी प्रवाह बंधाऱ्यापर्यंत आपल्या पायाने यायचा, तो आता वेळापत्रकाने येतो. विहिरी झाल्या, मोटारी आल्या; ज्याची विहीर त्याला पाटकऱ्याची बारी कशाला हवी? एक फड एक पीक हा नियम पाळायला कांदा आणि मक्याचे भाव मध्ये येतात. भाडण्याचा पांझरा-कान साखर कारखाना बंद पडल्यावर उसाच्या फडाचं कारणही ढिलं झालं. तरी काही थळांत पाट अजून वाहतो, लोक अजून साफसफाई करतात. बंधाऱ्याचे दगड पाहिले तर पोरांना ते किल्ल्याच्या तटासारखे वाटतात. कितीतरी पूर त्यांच्यावरून गेले. १८८०च्या खानदेश गॅझेटियरमध्ये १८७२च्या पुराची नोंद आहे. अगदी अलीकडचा २०१९च्या ऑगस्टचा पूर तर आमच्या पोरांनी स्वतः पाहिलेला.

अक्कलपाडा धरणाजवळून आम्ही भराभर जातो. काठ बुडालेला असल्यामुळे वाट नाही. डांबरी रस्त्याने चालावं लागतं आणि मागून ट्रक येतात. नेरला चहा होतो. वाटेत काळ्या दगडाच्या उभ्या भिंती शेतांतून सरळ रेषेत जाताना दिसतात. माणसाने बांधल्यासारख्या वाटतात, पण त्या लाव्हा फटींत थिजून झालेल्या, धुळे-नंदुरबारच्या पठारावर शेकड्यांनी आहेत. दगड फोडायला माणसं बसलेली असतात तिथे मी थांबत नाही. पोरांचे फोटो आणि त्यांचे प्रश्न, दोन्ही अडचणीचे.

धुळ्यात नदी शहराची होते. देवपुरात एकवीरा देवीच्या देवळाजवळ नवरात्रात गर्दी असते. डिसेंबरात मोठ्या पुलावरून खाली बघितलं तर बघवत नाही. शहराचं सांडपाणी, त्यावर तरंगणारं प्लास्टिक, त्यातच उभ्या म्हशी. शहराला प्यायचं पाणी आता अक्कलपाड्याहून जलवाहिनीने येतं, तेव्हा नदीचं पाणी शहरात नळाने शिरतं आणि नाल्याने बाहेर पडतं, पात्रातून नाही. हे वाक्य एका विद्यार्थ्याचं. पोरांना एक संध्याकाळ मी राजवाडे संशोधन मंडळात नेते. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे कागदपत्रांच्या शोधात गावोगाव हिंडले आणि धुळ्यातच ३१ डिसेंबर १९२६ला गेले. आमचा मुक्काम तारखेने साधारण तिथेच पडतो, म्हणून. दप्तरांच्या रुमालांपेक्षा पोरांना त्यांच्या चालण्याचं जास्त वाटतं, आणि त्या दिवसांत पायाला फोड आलेल्यांना ते वाटणारच.

शहर सोडलं की न्याहळोदपर्यंत वास सोबत येतो. मग तो जातो आणि त्याबरोबर पाणीही. नदी उत्तरेला वळते, पात्र रुंद होतं, वेड्या बाभळी दाटतात. वरच्या तुकड्यात ज्या पांझरेत पाय गारठत होते तीच ही, असं सांगितलं तर पोरांना पटत नाही. पात्रात खड्डे. काही माणूसभर खोल. वाळू गेलेली. नदीच्या वाळूत पाणी साठतं, तिथून काठाच्या विहिरींना मिळतं; वाळू उपसली की विहीर वर्षभरात ते सांगते. रात्री शाळेच्या खोलीत झोपल्यावर ट्रॅक्टर ऐकू येतात. आमचा नियम आहे, ट्रॅक्टरचा फोटो घ्यायचा नाही, चालकाला नाव विचारायचं नाही. आम्ही अभ्यासाला आलो आहोत, पंचनाम्याला नाही. या नियमावर माझं आणि सहकाऱ्यांचं एकमत नाही. पण पोरींची जबाबदारी माझ्यावर असते.

धुळे जिल्हा संपून जळगाव कुठे लागतो ते काठावर कळत नाही. नकाशात रेघ असते, जमिनीवर नसते. फक्त आमच्या पोरांचे आवाज बदलतात. ती आता आपल्या गावांत आलेली असतात. कुणाचे आजोबा वाटेवर उभे, कुणाची आत्या हरभऱ्याची भाजी खुडताना हाक मारते. मी यावल तालुक्यातली, लेवा गणबोलीत वाढलेली. इथली अहिराणी मला समजते, बोलताना मात्र पोरं हसतात. एका आजीने मला बांधावरून विचारलं, “कथा चालनात, माय?” मी म्हटलं, नदी बघायला. “नदीमा काय देखतस? पानी तं वर अडकेल शे,” असं म्हणून तिने आमच्या ओंजळीत ओल्या शेंगा घातल्या आणि वेचणीला वाकली. कापूस वेचणाऱ्या बायका पहाटेच्या गारव्यात कमरेला ओटी बांधून उभ्या असतात. बोंडं दवाने ओली असतात, ओल्या कापसाला व्यापारी भाव पाडतो, म्हणून ऊन यायची वाट पाहायची. ती वाट पाहण्याची वेळ आमच्या मुलाखतींची. वेचणी सुरू झाल्यावर कुणी बोलत नाही. मजुरी किलोवर असते.

या पट्ट्यात हिवाळ्यात डोळ्यात भरते ती दादर ज्वारी. तिला ओलित नको. काळ्या खोल जमिनीत पावसाळ्याची ओल धरलेली असते, तिच्यावर आणि दवावर ती उंच वाढते. वरच्या फडात पाण्याचे नियम ऐकून आलेल्या पोरांना हे पीक दाखवताना मला फार बरं वाटतं. पाणी नसलेल्याचंही एक शहाणपण असतं, ते दादरीच्या शेतात दिसतं. पण दादर सगळं घर चालवत नाही. कापसाला, गव्हाला, केळीच्या एखाद्या तुकड्याला पाणी लागतं आणि ते विहिरीतून येतं, आणि विहिरीत नदीतून.

मांडळला पारावर बसलो तेव्हा ग्रामपंचायतीच्या माणसांनी आम्हाला पाटबंधारे खात्याची माणसं समजून पहिला प्रश्न केला, “पानी कवय सोडतीन, मॅडम?” मांडळ, मुडी, बोदर्डे, लोण, कळंबू, ब्राह्मणे, भिलाली, तांदळी, नीम, ही अमळनेर तालुक्यातली पांझराकाठची गावं. अक्कलपाड्यातून आवर्तन सोडलं तर त्यांच्या पात्रात पाणी दिसतं, विहिरी भरतात, पिण्याचं भागतं. त्यासाठी निवेदनं द्यावी लागतात. आमदारांना, जिल्हाधिकाऱ्यांना, खात्याला. धरण धुळे जिल्ह्यात, तहान जळगाव जिल्ह्यात, म्हणून कागद दोन्हीकडे फिरतो. आवर्तन सुटलं तरी वाटेतल्या के.टी. बंधाऱ्यांना फळ्या टाकलेल्या असतात, मोटारी लागलेल्या असतात, पात्रातले खड्डे आधी प्यायचे ते पितात. टोकाला पोचेपर्यंत पाणी पोचतं की नाही, यावर पारावर पैजा लागतात.

तेव्हा आमच्यातला एक मुलगा, मुडीचाच, फार वेळ गप्प बसलेला, म्हणाला, “आबांच्या गावाला पाटकरी होता. नदीला पाटकरी का नाही?” पारावरची माणसं त्याच्याकडे बघायला लागली, कोण आबा ते त्यांना ठाऊक नव्हतं. मग त्याने सगळं सांगितलं: फड, बारी, पंचांची पट्टी. मी मध्ये पडले नाही. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी लगेच कापलं. गावातल्या गावात जमतं, ते म्हणाले, चाळीस गावांचे पंच कोण होणार? वरचा आपलं पाणी खालच्यासाठी सोडेल कशाला? कुणी म्हणालं, कायद्याने. कुणी म्हणालं, कायदा तर आत्ताही आहे. वाद बराच वेळ चालला. त्या मुलाच्या प्रश्नाला उत्तर मिळालं नाही, माझ्याकडेही नाही. पण वरच्या आबांना आणि खालच्या पाराला दोघांनाही ऐकलेला माणूस त्या गावात तो एकटाच होता, आणि तो तिथलाच होता.

रात्री शेकोटी केली. थंडी इतकी की पाठ गार आणि तोंड भाजलेलं. कळण्याच्या भाकरी आणि भरीत गावाने दिलं होतं. पोरांनी पाय दाखवून दाखवून तक्रारी केल्या तेव्हा मी त्यांना माझ्या तालुक्यातली गोष्ट सांगितली. १९३६च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. धनाजी नाना चौधरी आणि त्यांचे सोबती महिनोन्‌महिने राबले. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात पूर्वी मास्तर असलेले साने गुरुजी त्यासाठी खेड्यांतून हिंडले. आणि पाचशेहून जास्त शेतकरी मनमाडहून दोनशे मैल चालत फैजपूरला आले. वाटेत गावोगाव थांबून किसान परिषद कशासाठी हे लोकांना सांगत आले. अधिवेशनाच्या तारखा २७ आणि २८ डिसेंबर, म्हणजे आम्ही शेकोटीला बसलो होतो तेच दिवस, तीच थंडी. पोरं ऐकत होती. मग एकाने विचारलं, “त्यांनी संमतीपत्रं कुठे जमा केली असतील, मॅडम?” सगळे इतके हसले की शेजारची कुत्री भुंकायला लागली. हसू थांबल्यावर एकीने विचारलं की त्या पाचशेंत बायका होत्या का. मला माहीत नव्हतं, तसं सांगितलं.

नीमला पोचायला ऊन डोक्यावर येतं. कपिलेश्वराचं देऊळ संगमावर उंचावर आहे. खाली मातीचे उभे कडे, पावसाच्या पाण्याने चिरलेल्या घळी. काठाशी उभं राहायचं नाही, माती सुटते. पोरांना सगळ्यात आश्चर्य वाटतं ते इथे. आपण जिच्या सोबत आलो ती पांझरा शेवटच्या टप्प्यात ओलेतीही नसते आणि समोर तापी काठोकाठ भरलेली, हिरवी, हालत नसल्यासारखी. खाली सुलवाड्याचा बॅरेज आहे, त्यामागे पाणी तुंबून राहतं. वर पाडळशाचा निम्न तापी प्रकल्प गेल्या शतकाच्या अखेरीस सुरू होऊन अजून अपुरा आहे. हिवाळ्यात थव्याने येणारे चक्रवाक पाण्यावर बसतात, ते पोरांना दुर्बिणीतून दाखवायला बरं पडतं.

तिथे जाळं दुरुस्त करत बसलेल्या भोई काकांना आम्ही डांगरवाड्यांबद्दल विचारलं. पूर्वी पाणी ओसरलं की नदीच्या वाळूत खड्डे घेऊन, खत घालून डांगर-टरबूज लावायचे. डिसेंबर-जानेवारीत लावलेलं उन्हाळ्यात बाजारात. वाळू कोणाच्या सात-बाऱ्यावर नसते, त्यामुळे जमीन नसलेल्यालाही ती शेती करता यायची. बॅरेज झाल्यावर वाळू पाण्याखाली गेली. काका तक्रार करत नव्हते. मासे मिळतात, म्हणाले. वरच्या गावी ‘जमीन नसलेल्यांचं काय’ विचारणारी मुलगी त्यांच्याशेजारी बसून बराच वेळ लिहीत होती. एकाच प्रश्नाची तिला दोन टोकांना दोन उत्तरं मिळाली, आणि दोन्ही प्रश्नावलीत नव्हती.

या पोरांचे अहवाल आता मी रात्री उशिरापर्यंत वाचते, कंटाळा येत नाही. विहिरींना ‘मध्यम’ पाणी कुणी लिहीत नाही. कुठल्या विहिरीला कोणत्या महिन्यात किती हात, आवर्तनानंतर किती वाढलं, असं लिहितात. शुद्धलेखन सुधारलेलं नाही. एका अहवालात ‘पंच’ आणि ‘पंप’ इतक्या वेळा एकमेकांच्या जागी पडले होते की मी ते दुरुस्त न करता तसेच ठेवले, कारण वाचताना ते बऱ्याच ठिकाणी खरंच वाटत होतं.

एक अडचण मात्र सुटलेली नाही. सर्वेक्षणाचा नियम एका गावाचा आहे. मुलाने मांडळ घेतलं तर त्याचे गुण मांडळवर. आबांच्या गावी त्याने काढलेला फडांचा नकाशा परिशिष्टात जातो आणि बाहेरचे परीक्षक परिशिष्ट उघडत नाहीत. आमच्या विद्यापीठाच्या हद्दीत जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तिन्ही जिल्हे आहेत, म्हणजे पांझरा उगमापासून संगमापर्यंत त्याच एका विद्यापीठात वाहते. नव्या शैक्षणिक धोरणात क्षेत्र प्रकल्प सगळ्यांना करावा लागतो आहे, तेव्हा अभ्यास मंडळावरच्या माझ्या सहकाऱ्यांना विनंती आहे: ‘गाव’ या शब्दापुढे ‘किंवा नदीचा पट्टा’ एवढं घाला. बाकी परवानग्या, गोधड्या आणि किल्ल्या आम्ही बघून घेऊ.